काळी अक्षरं नाहीत म्हणजे किडनी ठीक, असं नसतंय हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत किडनीवर अर्धं पान आलेलं, लेख तसा बरा होता पण खाली पिवळ्या चौकटीत एक ओळ होती, "क्रिएटिनिन ०.६ ते १.३ असेल तर किडनी व्यवस्थित". क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातनं गाळून टाकते तो एक कचरा, त्याचं पुढं सांगतो. लेख किती जणांनी वाचला देव जाणे, ती चौकट मात्र दुपारपर्यंत आमच्या गल्लीच्या तिन्ही ग्रुपवर फिरली आणि सोमवारी सकाळी मी शटर वर करतोय तोवर एक मावशी ती कापून घेऊन हजर, म्हणाल्या मोठी करून दे, फ्रिजवर लावायची आहे. मी करून दिली, धंदा आहे. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून हे पत्र.

माझं राजारामपुरीत झेरॉक्स-लॅमिनेशनचं छोटं दुकान आहे, आजूबाजूला दवाखाने भरपूर, त्यामुळं दिवसभरात जेवढी आधारकार्डं आणि सातबारे मशीनवर पडत नाहीत तेवढे रक्ता-लघवीचे रिपोर्ट पडतात. महात्मा फुले योजनेतनं डायलिसिस करायचं तर रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट यांचा गठ्ठा लागतो, तो गठ्ठा कितीतरी घरांना मी लावून दिलाय. मी डॉक्टर नव्हे, लॅबवाला पण नव्हे, हे आधीच सांगतो. पण लोक झेरॉक्स निघेपर्यंत काउंटरवर रिपोर्ट पसरतात आणि हमखास एकच प्रश्न विचारतात, "बग की रे, ह्यात काय काळं आलंय का?" काळं म्हणजे ठळक अक्षरात छापलेलं. रेंजच्या बाहेर गेलेला आकडा लॅब ठळक करते, शेजारी इंग्रजीत एच किंवा एल टाकते. काळं नाही दिसलं की माणूस तिथंच घडी घालून रिपोर्ट पिशवीत टाकतो आणि समोरच्या गाड्यावर चहा मारायला मोकळा.

मी पण त्यातलाच. माझ्या आईला साखर होऊन चौदा वर्षं झाली, बीपीची गोळी चालू आहे, आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधनं चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या तर शेंगदाण्यासारख्या. तिचे रिपोर्ट मीच आणायचो, मीच पंच करून फायलीला लावायचो. पासष्टाव्या वर्षी क्रिएटिनिन ०.९. सहासष्टाव्या वर्षी १.०. गेल्या वर्षी अडुसष्टाव्या वर्षी १.१. लॅबची रेंज ०.६ ते १.२, एकही आकडा काळा नाही, मी खूश, आई खूश, आणि नेहमीचे डॉक्टर पण म्हणाले किडनी मस्त आहे. मग ते मुलाकडं पुण्याला गेले म्हणून आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो, त्यांनी फाइल उलटी-सुलटी करून पहिला प्रश्न केला, "लघवीचा एसीआर कुठाय?" मी म्हटलं लघवीचा रिपोर्ट आहे की, हा काय. त्या म्हणाल्या हा रुटीन, एसीआर वेगळा, लघवीतनं गळणारं प्रोटीन नेमकं मोजणारा. चौदा वर्षांत एकदाही कुणी सांगितला नव्हता, आणि आम्हीही कुणाला विचारला नव्हता.

मग त्यांनी मोबाईलवर आईचं वय, बाई आहे हे, आणि ते तीन आकडे टाकून दाखवले. ०.९ ला ईजीएफआर, म्हणजे किडन्या किती गाळतायत त्याचा अंदाज, निघाला ७१. १.० ला ६२. १.१ ला ५५. म्हणजे ज्याला आम्ही "तसंच आहे, पॉइंटानं इकडं तिकडं" म्हणत होतो ती सरळ उतरण होती आणि ती माझ्याच पंच केलेल्या फायलीत होती. लॅबनं ईजीएफआर छापलाच नव्हता. छापला असता तर ५५ कदाचित काळ्या अक्षरात आला असता. माझं हे दुकान आणि ही डोळे फोडून रिपोर्ट बघायची सवय, सगळं असून घरच्याच कागदावर मी झोपलो, त्याची लाज वाटते म्हणून नाव न घालता लिहितोय.

आता हे का होतं ते मला कळलं तसं सांगतो. क्रिएटिनिन म्हणजे आपल्या स्नायूंच्या रोजच्या झिजेतनं रक्तात येणारा कचरा, किडनी तो गाळून लघवीत टाकते. गाळणी मंदावली की रक्तात साठतो, आकडा वाढतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण कचरा किती तयार होतो ते स्नायू किती आहेत त्यावर आहे ना. माझी आई पंचेचाळीस किलोची, दंडावर मांस नाही, तिचा कचराच मुळात कमी, त्यामुळं किडनी अर्धी दमली तरी आकडा रेंज सोडत नाही. अंगापिंडानं बारीक म्हाताऱ्या माणसात तर हे हमखास फसवतं. निम्म्याच्या आसपास काम कमी होईस्तोवर क्रिएटिनिन गुपचूप रेंजमध्ये बसून राहू शकतं.

म्हणून ईजीएफआर. तो काही वेगळं रक्त काढून होत नाही, तेच क्रिएटिनिन, वय आणि बाई की पुरुष एवढं घालून सूत्रानं काढलेला अंदाज आहे की किडन्या मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळतायत. २०२१ साली सूत्र नवीन आलं, काही लॅबमध्ये अजून जुनंच चालतं, त्यामुळं दोन लॅबचे ईजीएफआर थोडे वेगळे आले तर लगेच भांडायला जाऊ नका, आधी सूत्र एक आहे का बघा. आणि हे बघा, तेच १.१ क्रिएटिनिन पंचवीस वर्षांच्या पोराचं असेल तर ईजीएफआर येतो ९६. आईचा ५५, पोराचा ९६, क्रिएटिनिनचा आकडा एकच. आता तुमची ती पिवळी चौकट या दोघांना एकाच रांगेत "व्यवस्थित" म्हणून उभं करते.

उलटा किस्सा पण सांगतो नाहीतर लोक म्हणतील हा नुसता घाबरवतोय. आमच्याकडं एका तालमीतला पोरगा येतो, कुस्तीगीर, मान आणि खांदे एकच. गेल्या मे महिन्यात त्याचा क्रिएटिनिन १.४ आला, काळ्या अक्षरात, शेजारी एच, आणि बाप रडकुंडीला. पोरगा दिवसाला शेकड्यानं जोर-बैठका मारतो, वर कुणीतरी दिलेली क्रिएटिनची (क्रिएटिनिन नव्हे, अंग कमवायची) पावडर दुधात घालून पितो, आदल्या रात्री अर्धा किलो मटण. इतकं मांस अंगात आणि पोटात असल्यावर क्रिएटिनिन १.४ नाही होणार तर काय होणार. डॉक्टरांनी पावडर बंद करायला लावली, सिस्टॅटिन सी नावाची दुसरी रक्ताची तपासणी केली, ती स्नायूंवर क्रिएटिनिनइतकी अवलंबून नसते, ती नॉर्मल, लघवीत प्रोटीन नाही, पोरगा खासबागेत लढायला मोकळा. म्हणजे काळं अक्षर असून ठीक हा, आणि काळं नसून बिघडलेली माझी आई. दोघांचे कागद माझ्या मशीनवर एकाच महिन्यात पडले.

मटणाचं आलंच आहे तर. आपल्याकडं रविवारी तांबडा-पांढरा झाल्याशिवाय रविवार होत नाही, आणि हेल्थ पॅकेजवाले नेमके सोमवारी सकाळी घरी रक्त न्यायला येतात. शिजवलेल्या मटणात क्रिएटिनिन तयार झालेलं असतं, ते पोटातनं रक्तात जातं आणि काही तास आकडा थोडा फुगतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तपासणीच्या आधी निदान बारा तास मटण-चिकन-मासे नकोत. उपाशी राहायचं ते साखर आणि चरबीच्या टेस्टसाठी, नुसत्या किडनीच्या टेस्टला उपाशीपणाचं फार काही नाही. त्यामुळं सोमवारी नका करू, किंवा रविवारी संध्याकाळपासून गपगुमान दही-भात खा. हे वाचून कोल्हापुरात माझ्यावर किती जण खवळतील माहीत आहे.

युरिया, म्हणजे किडनी गाळून टाकते तो दुसरा कचरा, त्याचा घोळ वेगळाच. परवा गडहिंग्लजकडचे एक मामा आले, खुशीत, म्हणाले "युरिया ३६ चा १७ वर आला बघ, काढा लागू पडला." कुठल्या तरी पाल्याचा काढा, बाटली पाचशे रुपयाला. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. जुन्यात लिहिलंय ब्लड युरिया, नव्यात लिहिलंय बीयूएन. बीयूएन म्हणजे युरियामधला फक्त नायट्रोजन मोजलेला, युरिया काढायचा तर त्याला २.१४ नं गुणायचं. १७ गुणिले २.१४ म्हणजे ३६ आणि वर थोडं. काहीच बदललेलं नव्हतं, फक्त लॅब बदलली होती. मामांचा चेहरा बघवेना, मी एका झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. तसा युरिया एकटा फार भरवशाचा पण नाही, उन्हाळ्यात उसाच्या फडात दिवसभर राबून पाणी कमी पडलं तरी वाढतो, त्यामुळं डॉक्टर त्याला क्रिएटिनिनच्या सोबतीनंच वाचतात.

आता लघवी. मला जास्त बोलायचंय ते इथंच. किडनी म्हटलं की आपल्याकडं पहिला शब्द मुतखडा, दुसरा शब्द पाणी जास्त प्या. सोनोग्राफीत खडा नाही म्हणजे किडनी ओके. पण सोनोग्राफी आकार दाखवते, सूज दाखवते, खडा दाखवते, गाळणीला पडलेली बारीक भोकं नाही दाखवत. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास गाळतात, म्हणजे डेअरीवर जाणारे चाळीस लिटरचे साडेचार कॅन, आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेऊन लिटर-दीड लिटर बाहेर सोडतात. एका एका किडनीत दहा लाखांच्या घरात बारीक गाळण्या. साखर आणि बीपी वर्षानुवर्षं त्या गाळण्यांवर बसलं की जाळी सैल होते, आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन, जे बाहेर पडायलाच नको, ते थोडं थोडं लघवीत झिरपायला लागतं. साखरवाल्यांच्यात हे बऱ्याचदा क्रिएटिनिन हलायच्या कितीतरी आधी सुरू होतं. दुखत नाही, खुपत नाही, लघवीला फेस येतो म्हणतात पण तो पण उशिराच येतो.

रुटीन लघवीत प्रोटीन बघतात ते बहुतेक पट्टी बुडवून, रंग बदलला तर ट्रेस, एक प्लस, दोन प्लस. गळती बारीक असली तर पट्टीला कळतच नाही. माझ्या आईच्या रुटीनला कायम लिहिलेलं, प्रोटीन निल. आणि बायका रुटीनमध्ये घाबरतात कशाला, तर पस सेल्स (पूच्या पेशी) २ ते ३ लिहिलंय, त्याला काही अर्थ नाही हो, तेवढे असतातच. ज्याला घाबरायचं ते कागदावर नाहीच आणि जे कागदावर आहे त्याला घाबरतोय, असा सगळा प्रकार.

एसीआर म्हणजे अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं लघवीतलं प्रमाण. नुसतं अल्ब्युमिन का नाही मोजत हे मला आधी कळायचं नाही. घरात पाव्हणे वाढले की आपण रश्श्यात तांब्याभर पाणी ओततो, रस्सा पातळ होतो, पण मीठ आणि तिखट यांचं एकमेकाशी असलेलं नातं बदलत नाही. तसंच, सकाळी दोन तांबे पाणी पिऊन लघवी पातळ झाली तर अल्ब्युमिन कमी दिसेल, पण क्रिएटिनिन पण तेवढंच पातळ होतं, म्हणून भागाकार केला की खरं काय ते कळतं. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागं अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असलं तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, ३०० च्या वर म्हणजे चांगलीच गळती. आईचं पहिलं आलं १८६.

पण एका आकड्यावर शिक्का मारायचा नसतो, हेही बाईंनी सांगितलं. ताप असला, लघवीला जळजळ-इन्फेक्शन असलं, पाळी चालू असली, आदल्या दिवशी दणकून व्यायाम किंवा जोतिबाचा डोंगर चढून आलात, तर अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. म्हणून तीन महिन्यांच्या अवधीत परत करायची, तीनपैकी दोनदा वाढलेली आली तर खरी. ईजीएफआरचं पण तसंच, ६० च्या खाली तीन महिने टिकून राहिला तर किडनीचा जुनाट आजार म्हणायचा, एका दिवसाच्या आकड्यावर नाही. आईचं दुसऱ्यांदा आलं १६४. म्हणजे खरंच होतं.

नमुना द्यायची आपल्याकडची तऱ्हा बघितली तर लॅबवाल्यांची दया येते. आमच्या शेजारचे काका कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत घेऊन गेले, बाटली धुतली म्हणे, आणि ती स्कूटरच्या डिकीत घालून आधी भाजी घेतली, मग बँकेत पासबुक भरलं, मग लॅब. लघवीत साखर आली म्हणून दोन दिवस घरात सुतक, ती साखर बाटलीतली होती का काकांची हे परत तपासल्यावर कळलं, बाटलीतली होती. लॅबमधनं रुंद तोंडाची स्वच्छ डबी मिळते, तीच आणायची. सकाळची पहिली लघवी सगळ्यात चांगली, पहिली धार सोडून द्यायची, मधली धरायची, आणि तासा-दोन तासाच्या आत पोचवायची. हे डबी देताना काउंटरवर कुणी सांगत नाही, नुसतं "सँपल आणा" म्हणतात, आणि म्हाताऱ्या बायकांना तर विचारायची पण लाज वाटते. कुणाला चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगितली असेल तर त्यात सकाळची पहिली टाकून द्यायची आणि तिथनं घड्याळ सुरू, दुसऱ्या दिवशीची सकाळची मात्र धरायची. मधली एक जरी चुकून मोरीत गेली तरी हिशोब चुकला, लपवू नका, लॅबला सांगा.

पोटॅशियम, म्हणजे रक्तातला एक क्षार, त्याचं थोडक्यात सांगतो. ३.५ ते ५ च्या आसपास असतं, लांबच्या गावच्या कलेक्शन सेंटरमधनं नळी मोटरसायकलवर हादरत आली, उशिरा पोचली, तर रक्तपेशी फुटतात आणि पेशीतलं पोटॅशियम बाहेर पडून आकडा खोटाच वाढतो. एका भावाचा ६.१ आला होता, परत केला तर ४.६. पण खोटा असेल असं धरून घरी बसायचं नाही, खरंच वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवून परत करायचं. आणि किडनीचा पेशंट आहे म्हणून कौतुकानं रोज शहाळं पाजू नका, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

अजून एक, आणि हे मी दोन-तीनदा तरी डोळ्यांनी बघितलंय. एसटीतनं रिटायर झालेले एक ड्रायव्हर काका, साखर-बीपी दोन्ही, लघवीत अल्ब्युमिन निघालं म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू केली. महिन्यानं क्रिएटिनिन १.२ चं १.४ झालं, काळं अक्षर. काकांनी गोळीच बंद केली, कुणीतरी सांगितलं बीपीच्या गोळीनंच किडनी जाते. वास्तविक त्या जातीची गोळी गाळणीवरचा दाब उतरवते, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वर जातं, तीस टक्क्यांच्या आत असलं तर डॉक्टर बहुतेक वेळा चालू ठेवतात आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवतात. काकांचं वाढलं सतरा टक्क्यांच्या आसपास. डॉक्टरांनी झाप झाप झापलं. मी काकांना म्हटलं तुम्ही एसटी घाटात उतारावर न्यूट्रल करायचा का? म्हणाले खुळा का काय. मग गोळी का न्यूट्रल केली. हसले, आता घेतात. किडनी खरी कुणी घालवत असेल तर ती दुखण्याची गोळी, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या, आधीच साखर-बीपी असताना महिनोन् महिने परस्पर खाल्लेल्या. बीपीची गोळी बिचारी बदनाम होते आणि गुडघ्याची गोळी साळसूद. आईच्या उशाखालच्या सगळ्या स्ट्रिपा मी गोळा केल्या त्या दिवशी, एकोणीस निघाल्या.

आणि उगाच घाबरणाऱ्यांना पण सांगतो. साठी ओलांडलेले एक गुरुजी, ईजीएफआर ७८, त्यांनी शंभरातनं वजा करून बावीस टक्के किडनी गेली असं ठरवलं आणि मुलाला अमेरिकेतनं बोलवायची तयारी. वयानं थोडा थोडा उतरतोच तो. ६० च्या वर आहे, लघवीत अल्ब्युमिन नाही, सोनोग्राफीत काही नाही, तर त्याला किडनीचा आजार म्हणत नाहीत. परीक्षेचे मार्क नव्हेत ते, गुरुजींना हे पटवायला मला दोन कप चहा लागला.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याला साखर आहे, बीपी आहे, घरात कुणाला किडनीचं झालंय, त्यानं वर्षातनं एकदा रक्तातलं क्रिएटिनिन ईजीएफआरसकट आणि लघवीचा एसीआर, दोन्ही मिळून करावं, आणि नुसता आजचा कागद न बघता मागच्या तीन वर्षांचे शेजारी शेजारी ठेवावेत. मोठ्या वयात होणाऱ्या नेहमीच्या साखरेत (टाइप २) तर कळल्या दिवसापासूनच एसीआर करायचा असतो, आम्ही चौदा वर्षं उशीर केला. ती ७२ टेस्टची, ८५ टेस्टची पॅकेजेस येतात ना माझ्याच दुकानात छापायला, मी परवा मुद्दाम यादी वाचली, व्हिटॅमिनं आहेत, थायरॉईड आहे, लोह चार तऱ्हेनं मोजलंय, लघवीचा एसीआर नाही. पैसे म्हणाल तर लॅबप्रमाणे इकडं तिकडं, पण एका मटण थाळीच्या आगेमागे होते ही टेस्ट.

आपल्या पेठांमधली तालीम मंडळं गणपतीत, शिवजयंतीला शिबिरं घेतात, रक्तदान, साखर, बीपी, डोळे, सगळं असतं, मांडवात पोरं राबतात आणि गर्दी पण होते. तिथं साखर वाढलेली निघाली की त्या माणसाला एक डबी आणि सकाळी कुठं आणून द्यायची त्याची चिठ्ठी दिली तर काय बिघडतंय? दोन मंडळांच्या अध्यक्षांशी बोललोय, एक जण म्हणाला "लघवीचं शिबीर म्हणून बॅनर कसा लावायचा भावा", मी म्हटलं किडनी शिबीर लाव की, बॅनर मी फुकट छापतो. लॅबवाल्यांना पण विनंती आहे, क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर छापा, कॉम्प्युटर काढून देतो, शाई किती लागते मला माहीत आहे, आणि सूत्र कुठलं ते पण छापा.

आणि संपादक साहेब, तुम्हाला विनंती की ती पिवळी चौकट परत छापावी, दुरुस्त करून, त्याच जागी, तेवढीच मोठी. आतल्या पानात खाली बारीक "शुद्धिपत्र" नको, ते कुणी कापून फ्रिजवर लावत नाही.

आई बरी आहे. गुडघ्याला आता शेक आणि बाईंनी सांगितलेला व्यायाम, दुखण्याची गोळी फक्त विचारून, मीठ कमी केलंय आणि लोणच्याची बरणी वरच्या फळीवर, तिचा हात पोचत नाही तिथं, स्टूल घेऊन काढते ते वेगळं. साखर-बीपीच्या गोळ्या बदलून दिल्यात. मागच्या महिन्यात एसीआर ७४ आला आणि ईजीएफआर ५४, म्हणजे उतरण निदान थांबल्यासारखी दिसते, पुढच्या तीन महिन्यांनी परत करायचंय.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर

ता.क. : सोनोग्राफीचे ते चकचकीत काळे फोटो कृपा करून लॅमिनेट करायला आणू नका, तो कागद उष्णतेनं छापलेला असतो, मशीनमधनं बाहेर येताना आख्खा काळा होतो. मागच्या आठवड्यात एका ताईंनी माझं न ऐकता दुसरीकडनं करून आणला आणि मग मला दाखवायला आल्या, काही दिसत नाही आता त्यात. साधी झेरॉक्स मारा, दोन रुपयात होते.